म्हाताऱ्याची सूनबाई

ऑफिसात त्याला सगळे सूनबाई म्हणायचे. पन्नाशीला टेकलेला, झुपकेदार मिशांचा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडणारा गृहस्थ, आणि नाव सूनबाई! ते कुणी ठेवलं हे आता कुणाला आठवत नव्हतं. का ठेवलं हे मात्र नवीन आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच कळायचं.

त्यांची कंपनी हॉस्पिटलांसाठी आणि हॉस्पिटलांचे कपडे धुणाऱ्या मोठ्या लाँड्र्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. हॉस्पिटलातल्या माणसाने इंटरनेटवरचं एक पान उघडायचं, आज इतक्या चादरी मळल्या, इतक्या उशांच्या खोळी, इतके ऑपरेशनचे गाऊन, असं त्यात भरायचं, की तिकडे लाँड्रीत ते दिसायचं आणि गाडी निघायची. हे पान ज्यातून दिसतं तो ब्राउझर. बहुतेक कॉम्प्युटरांवरचा ब्राउझर आपला आपणच नवा होत राहतो, मालकाला पत्ताही लागत नाही. पण काही कॉम्प्युटरांवर वर्षानुवर्षं तोच ठाण मांडून बसलेला असतो. अशा एका जुन्या ब्राउझरला ऑफिसात 'म्हातारा' म्हणायचे. ज्यांनी तो बनवला त्यांनीही केव्हाच त्याच्यावरचा हात काढून घेतला होता. त्याला काय पचतं, काय पचत नाही, कशाने तो रुसतो, हे पाहणारा सगळ्या कंपनीत हा एकटा. म्हणून सूनबाई.

तो इथे लागला तेव्हा त्याची आधीची कंपनी बुडाली होती. काही महिने घरी बसून काढले होते. बायको ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची, तिच्यावर घर चालत होतं. शाळेतून आलेली मुलगी दप्तर टाकता टाकता विचारायची, "बाबा, आजही घरीच?" तिच्या मनात काही नसायचं, पण याला ते बोचायचं. त्यामुळे नोकरी मिळाली तेव्हा काम कुठलं याची चौकशी त्याने केलीच नाही. चांगली कामं आधीच वाटली गेली होती. उरलं होतं ते म्हाताऱ्याचं पथ्यपाणी.

कामाचा प्रकार असा. बाकीचे प्रोग्रामर नवीन पान बनवायचे. नव्या ब्राउझरात ते झोकात चालायचं. मग ते सूनबाईच्या टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरात उघडायचं, की काहीतरी व्हायचंच. कधी बटण घसरून पार तळाशी जाऊन पडायचं. कधी तारखेचा रकाना कोरा. कधी तक्त्यातले दोन रकाने एकमेकांच्या मांडीवर बसलेले. कधी तर अर्धं पान पांढरं फटक, आणि दुखतंय कुठे ते सांगायलाही म्हातारा तयार नाही. मग सूनबाई एकेक ओळ काढून बघायचा, पोट कशाने बिघडलं ते शोधायचा आणि एक ठिगळ लावायचा. म्हातारा असेल तर असं कर, नसेल तर तसं कर. होता होता मूळ कापड किती आणि ठिगळं किती, हे सांगणं कठीण झालं.

त्याला हे काम मनापासून आवडू लागलं होतं, याचं खरं तर त्यालाच नवल वाटायचं. नव्या गोष्टी दर सहा महिन्यांनी बदलायच्या, त्या शिकता शिकता नाकी नऊ यायचे. म्हातारा बदलत नव्हता. त्याची एकेक खोड एकदा कळली की ती कायमची कळली. कुणी काही नवीन युक्ती लढवली की हा लांबूनच मान हलवायचा, "नाही पचणार." आणि नाहीच पचायची. त्या क्षणी त्याला बरं वाटायचं. इतरांना अर्थातच वाटायचं नाही. सगळ्यांचं काम आटपलेलं असायचं आणि घोडं अडायचं ते याच्या टेबलापाशी.

विभागाची प्रमुख त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान होती. बोलायला मोकळी, पण कामात पक्की. एका सकाळी तिने सगळ्यांना बोलावलं आणि भिंतीवर एक आकडा दाखवला. आपल्या पानांवर शंभर भेटी होतात, त्यातल्या दोन म्हाताऱ्याकडून.

"दोघांसाठी अठ्ठ्याण्णवांनी किती दिवस थांबायचं?" ती म्हणाली. "शिवाय त्याला कडी ना कुलूप. उद्या तिथून कुणी शिरलं आणि एखाद्या हॉस्पिटलचं सगळं ठप्प झालं, तर काय सांगायचं? मला वाटतं, म्हाताऱ्याला आता निरोप द्यावा."

टेबलाभोवतीच्या मंडळींचे चेहरे खुलले. सूनबाई तेवढा खाली बघत होता. मग तो म्हणाला, "दोन टक्के म्हणजे आकडा नाही हो. माणसं आहेत ती. कुठल्यातरी हॉस्पिटलात कुणीतरी बसलंय. उद्या सकाळी त्याचं पान उघडलं नाही, तर पेशंटला चादर मिळणार नाही."

हे तो इतक्या कळकळीने बोलला की कुणी हसलं नाही.

"बरोबर आहे तुमचं," प्रमुख म्हणाली. "मग ही माणसं कोण, तेवढं शोधून द्या. आपण त्यांच्याशी बोलू आणि मग ठरवू."

कोणतं पान कुणी, कुठून, कशातून उघडलं याची नोंद कॉम्प्युटर ठेवतच असतो. ती चाळायला सूनबाई मोठ्या उत्साहाने बसला. म्हाताऱ्याकडून आलेल्या भेटी वेगळ्या काढल्या, त्या कुठून आल्या त्याप्रमाणे लावल्या. सगळ्यात वर एकच पत्ता होता. दिवसरात्र, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, ठरावीक वेळाने तिथलं कुणीतरी एकामागून एक सगळी पानं उघडत होतं. एवढी मेहनत कोण घेतंय म्हणून त्याने तो पत्ता नीट बघितला. तो त्यांच्याच ऑफिसचा होता. ऑफिसातल्या त्याच्याच टेबलाचा.

झालं होतं असं. म्हातारा ठीक आहे ना हे सारखं हाताने तपासायला नको म्हणून त्याने मागे त्या जुन्या कॉम्प्युटरला एक काम लावून दिलं होतं. तो आपणच सगळी पानं उघडून बघायचा आणि काही बिघडलं तर कळवायचा. दोन टक्के होते ते बहुतेक तेच. इतकी वर्षं म्हाताऱ्याच्या दाराशी जी वर्दळ दिसत होती ती म्हाताऱ्याचीच येरझार होती.

तो उठला, पाणी प्यायला, परत येऊन बसला आणि हिशेब पुन्हा करून बघितला. तोच आला.

संध्याकाळी घरी त्याने बायकोला सांगितलं. ती पाय बादलीतल्या गरम पाण्यात बुडवून बसली होती. दिवसभर क्लचवर पाय ठेवून तिची पोटरी भरून यायची.

"म्हणजे तूच गिऱ्हाईक आणि तूच दुकानदार?" ती म्हणाली.

"हसू नकोस."

"हसत नाहीये रे. पण एक सांगू? आमच्या शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशी पण एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला तर दाबायला. तुझ्याकडे स्टिअरिंगही नाही, गिअरही नाही. तुला नुसता ब्रेक दिलाय, आणि तू तो इमानाने दाबून बसलायस."

मुलगी, जी आता कॉलेजात जात होती, आतून ओरडली, "बाबा, सांगू नका ना ऑफिसात! कोण बघायला बसलंय?"

"कुणीच नाही," तो म्हणाला. "तेच तर."

सकाळी त्याने प्रमुखाच्या टेबलापाशी जाऊन सरळ सांगून टाकलं. तिने आधी गंभीरपणे ऐकून घेतलं. मग तिच्या गालाचा स्नायू हलायला लागला, मग तिने हातातला कप खाली ठेवला आणि डोळे पुसेपर्यंत हसली. "माफ करा," ती म्हणाली. "पण तुम्ही सांगितलं नसतंत तर मला जन्मात कळलं नसतं. बरं, तुमच्या भेटी वजा केल्या तर किती उरतात?"

उरत होती ती मूठभर ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी फोन करून सांगायचं काम साहजिकच त्याच्याकडे आलं. एका लाँड्रीतला मॅनेजर म्हणाला, "नवा आहे की आमच्याकडे. जुन्याचं चित्र समोर होतं म्हणून त्याच्यावर बोट पडायचं." एका दवाखान्यातल्या पोराने फोनवर बोलता बोलताच कॉम्प्युटरात नवा ब्राउझर घातला आणि "एवढंच होतं?" असं विचारून फोन ठेवला. एका ठिकाणचा कॉम्प्युटर फोन करण्याआधीच बंद पडला होता. सूनबाईने प्रत्येकासाठी लांबलचक समजावणी तयार ठेवली होती. ती कुणाला लागलीच नाही.

शेवटी एकच ठिकाण राहिलं. एका मोठ्या जुन्या हॉस्पिटलची लिनन रूम, म्हणजे चादरी-कपड्यांची खोली. तिथून रोज सकाळी, एक दिवस न चुकता, म्हाताऱ्याकडून मागणी यायची. फोन मात्र कुणी उचलत नव्हतं. वाजून वाजून थांबायचा.

"जाऊनच या," प्रमुख म्हणाली. "आणि एकदाचं मिटवून टाका."

हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. दोन बस बदलून तो पोचला. लिनन रूम तळघरात होती. लांब बोळ, भिंतीवरून गेलेले गरम पाण्याचे जाड पाइप, चाकांच्या पिंजऱ्यांमध्ये मळलेल्या कपड्यांची गाठोडी. बोळाच्या शेवटी दार उघडंच होतं. आत छतापर्यंत लोखंडी रॅक, त्यांवर पांढऱ्या, फिकट निळ्या, हिरव्या घड्या, आणि इस्त्रीचा कोरडा, ऊबदार वास. मधल्या टेबलाशी एक ठेंगणी बाई उशांच्या खोळी घडी करत उभी होती. चष्मा केसांत खोचलेला. कपडे न्यायला आलेल्या नर्सा तिला ताई म्हणत होत्या, म्हणून यानेही तेच धरलं.

"ताई, मी कपड्यांच्या मागणीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीतून आलोय. फोन केले होते."

"फोन त्या चादरींच्या मागे आहे," ती म्हणाली. "वाजलेला कळतो, पण तिथवर हात पोचत नाही. बसा भाऊ. त्या गाठोड्यावर बसा, धुतलेलं आहे."

तो बसला. कोपऱ्यात कॉम्प्युटर होता आणि त्यावर म्हातारा उघडा होता. आपल्या टेबलाबाहेर, खऱ्या कामात जुंपलेला म्हातारा तो पहिल्यांदाच बघत होता. ताईने मागणी भरायला घेतली. एक रकाना भरला, बटण दाबलं आणि ती टेबलाकडे वळली. चार-पाच खोळींच्या घड्या झाल्यावर पुढचं पान आलं. तिने दुसरा रकाना भरला, बटण दाबलं, पुन्हा वळली. सूनबाईला कळलं की पान येईपर्यंत वेळ लागतो तो त्याच्याच ठिगळांमुळे. एकेक ठिगळ लावताना क्षणभराचाच फरक पडला होता. असे क्षण साठत साठत इथे घड्यांचा ढीग झाला होता.

"रोज इतका वेळ लागतो?"

"लागतो की. पण माझ्या घड्या होतात तेवढ्यात. चालतं."

तो पाय जरा लांब करायला गेला तर बूट एका खोक्याला लागला. टेबलाखाली मोठं खोकं होतं, त्यावर किटली आणि दोन कप. खोक्यावर नव्या कॉम्प्युटरचं चित्र होतं. वरची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती.

"ताई, हे काय?"

"नवा कॉम्प्युटर. हॉस्पिटलने सगळ्यांना दिले तेव्हा मलाही दिला. वरच्यांना म्हटलं, माझं चाललंय ते चालू दे."

"जोडला का नाही?"

हा कंपनीचाच माणूस ना, अशा नजरेने ताईने त्याच्याकडे बघितलं. "अहो, तुमच्याच कंपनीने सांगितलं होतं. हे नवीन सुरू झालं तेव्हा माझी कपड्यांवरची लेबलं छापून येईनात. फोन केला. तुमच्याकडचा एक जण अर्धा तास थांबला फोनवर, सगळं नीट करून दिलं आणि म्हणाला, 'ताई, आता एक करा. हा कॉम्प्युटर बदलू नका, आणि नवीन करू का असं तो विचारेल तेव्हा नाही म्हणा. कुणी काही सांगितलं तरी ऐकू नका.' तेव्हापासून नाहीच म्हणते. दोनदा भांडले वरच्या साहेबांशी. फार चांगला माणूस होता हो तो. आहे का अजून, की सोडून गेला?"

सूनबाईला तो फोन आठवला नाही. असे कितीतरी फोन त्याने घेतले होते. पण ते शब्द त्याचेच होते. लेबलं तेव्हा खरोखरच म्हाताऱ्याशिवाय छापली जात नव्हती. पुढे ती अडचण गेली, लेबलं कुठूनही छापता येऊ लागली, आणि 'ब्राउझर नवा करून घ्या' अशी पिवळी पट्टी कंपनीने पानाच्या वर टाकली. ती पट्टी म्हाताऱ्यात मात्र नेमकी 'पाठवा' या बटणावर येऊन बसायची. म्हणून त्याने एक ठिगळ लावून ती दिसेनाशी केली होती. ताईला निरोप मिळायचा तो एकच रस्ता होता, आणि त्यावर यानेच पडदा ओढला होता. तिला जुनाच लागतो म्हणून हा जुन्याची सेवा करत राहिला; आणि याने सांगितलं म्हणून ती जुन्याला चिकटून राहिली.

"आहे अजून," तो म्हणाला.

"मग त्याला विचारा एकदा. तो बदला म्हणाला तर बदलते. दुसऱ्या कुणाचं नाही ऐकायची."

"मीच तो, ताई."

तिने केसांतला चष्मा डोळ्यांवर घेतला. मिशा बघितल्या, दुमडलेल्या बाह्या बघितल्या. "फोनवर तरुण वाटला होतात," ती म्हणाली.

"होतो."

"मग आधी का नाही सांगितलंत हो? मी त्या साहेबांशी बोलत नाही दोन वर्षं!"

"चुकलंच," तो म्हणाला, आणि बाह्या आणखी थोड्या वर करून त्याने किटली-कप खाली ठेवले आणि खोकं बाहेर ओढलं. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागातला माणूस वरून बोलावला. तो आला तो आश्चर्य करतच. "आज हिने आत कसं येऊ दिलं?" असं त्याने सूनबाईच्या कानात विचारलं. दोघांनी मिळून तारा जोडल्या, जुना खाली उतरवला, लेबलं छापून बघितली. ताई हाताची घडी घालून उभी होती. रॅकवरच्या चादरी कुणी विसकटतंय का याच्यावर तिचा एक डोळा होता.

मग तिने पहिली मागणी भरली. बटण दाबलं, सवयीने टेबलाकडे वळली आणि खोळ उचलायच्या आत पुढचं पान समोर. तिने परत भरलं, परत वळली, परत तेच. सगळी मागणी बघता बघता गेली.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"आणि घड्या कधी घालायच्या मी?" ती चांगलीच फणकारली. "तुमचं लवकर झालं म्हणून माझं काम का कमी होणार आहे?" पण थोड्या वेळाने किटली लावून तिने त्याला चहा दिला, आणि जाताना बोळाच्या तोंडापर्यंत सोडायला आली.

पुढच्या महिन्यात म्हाताऱ्याला निरोप दिला गेला. ठिगळं काढायचं काम त्याने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. कुठलं का लावलं होतं ते त्यालाच ठाऊक होतं. इतरांनी ओढलं असतं तर कापडही फाटलं असतं. तो एकेक ओळ वाचायचा आणि पुसायचा. एखादी ओळ लिहायला त्याला पूर्वी आठवडा लागलेला असायचा. पुसायला काहीच लागत नव्हतं. टेबलाजवळून जाणाऱ्या कुणीतरी विचारलं, "सूनबाई, वाईट वाटतंय का?" त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "वाटेल असं वाटलं होतं." आणि पुढची ओळ पुसली. पानं हलकी झाली, झटकन उघडू लागली. अभिनंदन झालं ते नवीन पानं बनवणाऱ्यांचं. त्यालाही त्याने टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरचे काही आठवडे मात्र त्याला जड गेले. टेबल मोकळं, हात मोकळे. घरातलं अंथरुणाला खिळलेलं माणूस गेलं की औषधाच्या वेळेला पाय आपोआप त्या खोलीकडे वळतात, तसं त्याचं सकाळी आल्या आल्या व्हायचं. प्रमुखाने त्याला नवं काम शिकायला दिलं. तो शिकायला बसला, पण त्याच्या बोटांना त्याची गोडी लागेना. शेजारचा मुलगा समजावून सांगायचा आणि हा मान डोलवायचा.

एक दिवस तोच प्रमुखाकडे गेला. "मला बाहेर पाठवा," म्हणाला. "लाँड्र्यांत, हॉस्पिटलांत. लोक आपलं पान कसं वापरतात ते बघून येतो. आपण कुणीच बघितलेलं नाही. मी इतकी वर्षं बघतोय असं मला वाटत होतं."

"अशी जागा आपल्याकडे नाहीये," ती म्हणाली.

"मग दोन दिवस बाहेर, तीन दिवस इथे. इथे मी सांगाल ते करतो."

ती थोडा वेळ पेन टेबलावर आपटत राहिली. "तीन महिने करून बघू," ती म्हणाली. तीन महिन्यांनंतर थांबवायचं आहे का हे तिनेही विचारलं नाही आणि त्यानेही आठवण करून दिली नाही.

आता तो आठवड्यातले दोन दिवस फिरतीवर असतो. बायको म्हणते, गाडी शिक, बसने किती हिंडशील. तो म्हणतो, तुझ्या हाताखाली शिकायचं म्हणजे घरातही तूच साहेब आणि गाडीतही तूच, तेवढं बळ नाही माझ्यात. सूनबाई हे नाव तसंच राहिलं आहे. नवीन आलेल्यांना त्याचा अर्थ कुणी सांगत नाही, तेही विचारत नाहीत.

परवा तो एका लाँड्रीत गेला होता. प्रचंड आवाज, फिरणारे पिंप, वाफेने भरलेली शेड. इस्त्रीच्या लांब यंत्रापाशी खांबाला एक बोटाने चालवायचा स्क्रीन लावला होता, आणि त्यावर त्यांचंच नवं पान होतं, नव्या ब्राउझरात, सुबक, बारीक अक्षरांचं. यंत्रावरचा कामगार दर थोड्या वेळाने स्क्रीनपाशी यायचा, काचेवरची वाफ कोपराने पुसायचा, ओला हात पँटीला पुसून बटण दाबायचा. बटण लागायचं नाही. मग बोट वाकवून पेराच्या हाडाने दाबायचा. ते लागायचं.

"रोज असंच?" याने त्याच्या कानाशी ओरडून विचारलं.

"काय?"

"रोज असंच करावं लागतं?"

"हो! का?"

सूनबाईने एक रिकामी टोपली पालथी घातली आणि त्या माणसाच्या वाटेत येणार नाही अशा बेताने तो खांबाजवळ बसला.